भात सोडल्याचे दिवस

आमच्या घरात भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. शेतं होती तोवर आम्ही भात पिकवत होतो, आणि शेतं रस्त्याखाली गेल्यावरही आईने तांदूळ पोत्याने भरून ठेवणं सोडलं नव्हतं. पनवेलजवळ कोनला आमचं घर हमरस्त्याच्या इतकं जवळ होतं की न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची घरघर दिवसभर भिंतींतून ऐकू यायची. त्यातले दोन ट्रेलर बाबांचे, आणि ते जाताना आईला नुसत्या आवाजावरून कळायचे. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या, दुपारी भात आणि मासळीचं कालवण, संध्याकाळी पुन्हा भात, ताप आला तर पेज. आईची हातातल्या हातात भाकरी फिरवण्याची थपथप ऐकतच मी कायम जागी झाले. अशा घरात एकोणीस वर्षांची मुलगी एका सोमवारी ताटापुढे बसली आणि म्हणाली की मला भात नको, आजपासून नकोच. ती मुलगी मी.

त्याआधी पारूआत्याबद्दल सांगायला हवं. पारूआत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, म्हणून ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी माहेरी परत आली होती. उंच, रुंद, भरल्या अंगाची बाई. ती दारात उभी राहिली की खोलीतला उजेड कमी व्हायचा. मागचं अंगण तिचं. तिथे ती पाटावर बसून कोलंबी सोलायची, बोंबील धुऊन दोरीवर टाकायची, आणि काम संपलं की भिंतीला टेकून पाय लांब करायची. लहानपणी माझ्या दुपारच्या सगळ्या झोपा तिच्या मांडीवर झाल्या. तिच्या पोटाला कान लावला की आत खोलवर कुठेतरी पाणी हलल्यासारखं वाटायचं आणि मला लगेच झोप लागायची. इतकी मऊ, इतकी सुरक्षित जागा मला पुढे आयुष्यात फारशी सापडली नाही.

बारा-तेरा वर्षांची झाले तशी मी तिच्यासारखी दिसायला लागले. तसेच खांदे, तसेच दंड, तशीच गळ्याखालची घडी. नात्यातल्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "पोरगी आत्यावर गेलीय गं." एवढंच म्हणायच्या. पण म्हणून झाल्यावर आईकडे बघून जरा थांबायच्या, आणि त्या थांबण्यात जे असायचं ते मला पुरतं कळायचं. मी आरशात फक्त वेणीपुरती बघायला लागले. पनवेलला कॉलेजात गेले तर शेवटच्या बाकावर, कडेला. रिक्षात बसताना अंग चोरून बसायची, तरी शेजारच्या बाईने पदर सावरला की वाटायचं, माझ्यामुळेच. कुणी हसलं की माझ्यावरच हसलं. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, कारण हात वर केला की दंड दिसतो.

मग चुलतबहिणीची हळद आली. आमच्याकडची हळद म्हणजे सगळा गाव मांडवात. बायका पिवळ्या साड्यांत, बँडचा आवाज छातीत वाजतोय, मटणाचा वास वाऱ्यावर. नवरीभोवती फोटोला सगळ्या जमल्या, तेव्हा फोटोग्राफर मान वाकडी करून अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही आणि त्या मावशी जरा मागे जाता का? बाकीचे झाकले जातायत." त्या मावशी म्हणजे पारूआत्या. आम्ही दोघी मागे गेलो. आत्याने माझी ओढणी खांद्यावर नीट केली. पुढे फोटो आले, त्यात माझं कपाळ तेवढं होतं. आज मला त्या माणसाचा राग येत नाही, तो त्याचं काम करत होता. पण त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की हे शरीर आता पुरे.

नवीन पनवेलला एका जिममध्ये श्वेता मॅडम म्हणून शिकवायच्या. काटकुळ्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी मला लो-कार्बचा कागद दिला. भात, भाकरी, पोळी, बटाटा, साखर, गूळ, केळी, सगळं बंद. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाज्या, तूप, हवं तेवढं. पंधरा दिवस त्रास होईल, मग आवडायला लागेल, असं त्या म्हणाल्या. मासळी आमच्या घरात कधीच कमी नव्हती, त्यामुळे मला वाटलं, जमेल. भाताशिवाय कालवण म्हणजे नुसतं वाट बघत बसल्यासारखं असतं, हे मला पहिल्याच दुपारी समजलं. वाटीतला लाल रस्सा, त्यात मांदेली, आणि कालवायला काही नाही. बोटं ताटात उगाच फिरत राहायची.

आईने पहिले दोन दिवस रुसवा समजून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटता उलटता माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझ्या हाताचा काय चुकला का?" मी नाही म्हणाले, श्वेता मॅडमचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि परत कधी विचारलं नाही, पण जेवताना माझ्या ताटाकडे बघणं बंद केलं. बाबा म्हणाले, करू दे तिला, हल्ली सगळीकडे असंच चाललंय. खरा रस घेतला तो आत्याने. अंगणात बसून ती एकेक विचारायची. अंडं चालतं का? सुकट चालते का? चहा बिनसाखरेचा घशाखाली कसा उतरतो? मी मोठ्या माणसासारखी समजावून सांगायची. कुणीतरी मला काही विचारतंय आणि मला ते माहीत आहे, ही गोष्ट माझ्यासाठी नवीन होती. आत्या त्याला 'तुझा लोकारप' म्हणायची. "तुझा लोकारप कसा चाललाय?" असं रोज सकाळी.

चौथ्या दिवशी हात थरथरले, डोकं ठणकलं. आठव्या दिवशी ते थांबलं, आणि मग जे सुरू झालं त्याचं वर्णन करणं मला आजही कठीण जातं. भूक नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक हलकेपणा आला. जगावर पातळ मलमल टाकावी तसं सगळं दिसायचं. कॉलेजला जाताना रस्त्याकडेला रचलेले कंटेनर उन्हात नारिंगी, निळे, हिरवे चमकायचे आणि मला ते कुणीतरी मांडून ठेवलेले खेळण्यातले ठोकळे वाटायचे. खाडीचं पाणी थांबल्यासारखं असायचं. दुपारी मी पडून राहायची आणि स्वयंपाकघरात आई तांदूळ धूत असायची. पातेल्यात पाणी फिरतंय, दाणे कडेला लागून सरसरतायत, पाणी ओतलं जातंय, पुन्हा फिरतंय. तेवढ्या आवाजावर मला अर्धवट झोप लागायची, आणि त्या झोपेत आमची शेतं परत आलेली असायची. इमारती नाहीत, रस्ता नाही, नुसता पोपटी भात लांबपर्यंत, आणि मी बांधावरून चालतेय. इतकी हलकी, की खालचा चिखल हलत नाही. शेतात दुसरं कुणीच नसायचं. मला ते फार आवडायचं. कुणी बघायला नाही, हेच त्या स्वप्नातलं सुख होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

महिना उलटला तसे कपडे सैल झाले. लोकांच्या लक्षात यायला लागलं. एकदा धाकटी काकी घरी आली, मला समोर उभं करून वळवून बघितलं आणि आनंदाने म्हणाली, "आता नाय वाटत आत्यावर गेलेली." मी हसले. नुसती हसले नाही, लाजून, खूश होऊन हसले. आत्या चार हातांवर कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. सोललेली कोलंबी वाटीत, टरफलं पाटीत, तिचे हात तसेच चालू राहिले. माझ्या आयुष्यातल्या काही हसण्यांची मला लाज वाटते. त्यातलं ते एक.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते घडलं. आई-बाबा एका साखरपुड्याला करंजाड्याला गेले होते. घरी मी आणि आत्या. दुपारी जेवून मी पुस्तक घेऊन पडले होते. अंगणातून आत्याच्या बोलण्याचा आवाज येत होता. वाटलं, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलतेय. मग लक्षात आलं की पलीकडून उत्तर येत नाही. मी बाहेर गेले. आत्या पाटावर बसली होती, पुढ्यात अर्धी सोललेली कोलंबी, आणि ती तिच्या आईशी बोलत होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, मी जन्माला यायच्या आधीच गेलेली. "येते गं, एवढा झाला की येते," असं ती म्हणत होती. घामाने तिचा ब्लाऊज चिंब भिजला होता, कपाळावरून धार लागली होती, आणि बोटं इतकी थरथरत होती की हातातली कोलंबी निसटून मातीत पडली. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे रागाने बघितलं, जणू मी अनोळखी आहे.

तो थरथरणारा हात बघितला आणि मला माझा चौथा दिवस आठवला. आत्याला साखरेचा आजार होता, ती बरीच वर्षं गोळी घेत होती, सकाळी आणि दुपारी. गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर एकदम उतरते, हे मी कॉलेजात मैत्रिणीच्या वडिलांबद्दल ऐकलं होतं. पण आत्या तर जेवली होती. माझ्या शेजारी बसूनच जेवली होती. मग मी आठवायला लागले की तिच्या ताटात काय होतं, आणि मला काही आठवेना. गेल्या कित्येक दिवसांत मी माझ्या ताटापलीकडे बघितलंच नव्हतं.

मी आत धावले, पेल्यात मूठभर साखर टाकली, पाणी ओतलं, बोटानेच ढवळलं आणि तिच्या तोंडाला लावलं. तिने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं तर पेला हाताने ढकलला, अर्धं पाणी माझ्या कपड्यांवर सांडलं. आणि लहान मुलाला समजवावं तशा सुरात ती म्हणाली, "नको गं. साखर बंद हाय आपली."

आपली.

ती उभी असती तर मी तिला धरू शकले नसते, पण ती बसलेली होती आणि तिला अजून गिळता येत होतं. मी तिच्यासमोर मातीत गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "आत्या, आपली साखर आजपासून चालू झाली. मॅडमनी सांगितलंय. बघ, मी पिते." आणि मी खरंच प्यायले. सत्तेचाळीस दिवसांनी जिभेवर साखर आली. ती किती गोड होती हे मला तेव्हा जाणवलं नाही, मला फक्त तिचे डोळे दिसत होते, माझ्या घशाकडे लागलेले. मी घोट गिळला तसा तिनेही आवंढा गिळला. मग मी पेला पुढे केला आणि तिने दोन्ही हातांनी धरून तो संपवला. मी अजून एक करून आणला. तोही संपला. थोड्या वेळाने तिने इकडेतिकडे बघितलं, मातीतली कोलंबी बघितली आणि ओशाळून म्हणाली, "धुवायला लागंल ही."

शेजारच्या भोईरकाकांच्या रिक्षातून मी तिला पनवेलला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिला जबरदस्तीने एक केळं खायला लावलं. डॉक्टरांनी बोट टोचून साखर तपासली, कपाळाला आठ्या घातल्या, आत्याला ती काय जेवते ते विचारून घेतलं आणि हिला भात बंद करायला कुणी सांगितलं, असं विचारलं. खोलीत पंखा फिरत होता. मी आयुष्यात कधी कुठल्या प्रश्नाला पटकन उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. म्हणाले, "मी." आत्याने लगेच माझा हात दाबला. "तिनं नाय सांगितला. मी तिचा बघून केला," ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टर रागावले नाहीत. भात कमी केला तर वाईट काही नाही, पण मग गोळीही तेवढी कमी करायला हवी होती, आणि ते डॉक्टरांना न विचारता करायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. गोळी बदलून दिली, अर्धी वाटी भात लिहून दिला, आणि रोज काय खाल्लं, साखर किती आली, ते वहीत मांडायचं काम माझ्याकडे दिलं. मी तिथेच चार प्रश्न विचारले. रात्री साखर उतरली तर काय करायचं, चालायला गेली तर काय करायचं. माझाच आवाज मला ओळखीचा वाटत नव्हता.

घरी आलो तेव्हा आई-बाबा परतले नव्हते. आत्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. मी शेजारी. तिच्या मांडीवर डोकं ठेवण्याचं माझं वय गेलं होतं, म्हणून नुसतं खांद्याला खांदा लावून बसले. मी विचारलं, का केलंस. रस्त्यावरून ट्रेलर जात होते.

"तू झालीस ना बारीक," ती म्हणाली. "मी म्हटला, आपनपन बघू."

"आता कुणाला दाखवायचंय तुला?"

"कुनाला नाय. मला."

मग तिने सांगितलं. तिचं सासर मोऱ्याला, तिथूनच मुंबईची लाँच सुटते. लग्नाआधी सासरच्यांनी तिला मुंबई दाखवायला लाँचमधून न्यायचं ठरवलं. धक्क्यावर सगळे जमले आणि कुणीतरी म्हणालं, हिला मधोमध बसवा, नायतर लाँच कलंडेल. सगळे हसले. होणारा नवराही हसला. ती मधोमध बसली, जाताना आणि येताना, मान खाली घालून, आणि तिला मुंबई दिसलीच नाही. त्यानंतर ती कधी लाँचमध्ये चढली नाही. मोऱ्याला राहत होती, रोज धक्क्यावर मासळीला जात होती, पण लाँच लागली की तोंड फिरवायची. तो हसणारा नवरा दोन वर्षांत गेला. वाईट नव्हता, म्हणाली, पण तेवढं एक हसणं राहिलं.

मी ऐकत होते आणि मला काकीसमोरचं माझं हसणं आठवत होतं. मी ते बोलणार होते. तिनेच मला थांबवलं. "तुला 'आत्यावर गेली' म्हनायचे तवा तुझा तोंड उतरायचा," ती म्हणाली. "मी बघायची. मला वाटायचा, पोरीला काय द्यायचा होता नि मी काय दिला."

मी तिला काही मोठं उत्तर दिलं असतं तर आज इथे लिहायला बरं पडलं असतं. पण मी रडले, नुसती रडले, तिच्या ओल्या ब्लाऊजवर, आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोलंबीचा वास होता त्या हाताला. मला इतकंच समजत होतं की ज्या अंगाच्या आधाराने मी लहानाची मोठी झाले, तेच अंग ती आयुष्यभर लपवत आली होती. आणि मी गेले सत्तेचाळीस दिवस तेच करत होते.

मी काही लगेच बदलले नाही. आरशाशी माझं पटायला आणखी पुष्कळ वर्षं गेली, आणि पूर्ण पटलंय असं आजही म्हणवत नाही. लो-कार्बही एकदम सोडलं नाही. अर्धी वाटी भात आत्याला, अर्धी वाटी मला, असं आईने सुरू केलं, आणि त्या दिवसापासून ती परत माझ्या ताटाकडे बघायला लागली. वजन थोडं वाढलं, थोडं गेलं, वाढलं. श्वेता मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यानंतर त्या कागद देताना, घरात कुणी गोळ्या घेतं का, हे आधी विचारू लागल्या. मी मात्र आत्याची वही नेमाने लिहिली. तिच्या सासरच्या गोष्टीही तिच्या तोंडून ऐकून त्या वहीतच, मागच्या पानांवरून लिहायला घेतल्या. दुपारची ती मलमल पुन्हा आली नाही. त्या हलकेपणाची आठवण येते, खोटं कशाला बोलू. पण स्वप्नातल्या त्या शेतात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर, हवा जरा गार झाल्यावर, मी आत्याला म्हणाले की लाँचमध्ये बसू. ती नाही म्हणाली. आठवडाभर नाहीच म्हणत होती. मग एका सकाळी आपली जांभळी साडी नेसून दारात उभी राहिली. बाबांनी आम्हाला मोऱ्याला सोडलं. भरती होती, पाणी धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं, टोपल्या घेतलेल्या कोळणी, जाळ्यांचे ढीग, डिझेलचा आणि मासळीचा मिसळलेला वास. लाँचला लागलेल्या फळीवर पाय ठेवताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर दिवसभर ते लाल होतं. पाय टेकला तशी लाँच थोडी हलली. प्रत्येकाच्या पायाखाली ती तेवढीच हलत होती, हे मी तिला दाखवणार होते, पण ती स्वतःच मागे वळून चढणाऱ्या माणसांकडे बघत होती.

ती मधोमध बसली नाही. कडेच्या बाकावर, पाण्याच्या बाजूला बसली, आणि मी तिच्या शेजारी. लाँच भरत गेली. शेवटी एक बाई आली, हातात दोन पिशव्या, आमच्या बाकाकडे बघून म्हणाली की जरा सरकून घ्या, एक माणूस बसेल. सवयीने मी अंग चोरायला लागले, पाय जवळ घेतले, खांदे आत ओढले. आत्या हलली नाही. तिने त्या बाईकडे बघितलं आणि साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "नाय बसनार. मला जागा लागते."

बाईने मान डोलावली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. तिला त्यात काहीच वाटलं नाही. लाँच सुटली, धक्का मागे सरकायला लागला. आत्याने खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवलं, आणि मी हळूहळू माझे खांदे सोडले.